जुने ट्रम्पेट, कॉर्नेट किंवा युफोनियम घेताना आणि विकताना: गोव्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

गोव्यातील जुन्या घरांच्या माळ्यावर आजही पितळी वाद्यांच्या काळ्या पेट्या सापडतात. पॅरिश, म्हणजे चर्चच्या, शाळांत मेस्तांकडून (संगीतशिक्षकांकडून) स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँडांत, संस्थानिकांच्या पदरी, मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचे अंतोनियो शावियर वाझ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत असत आणि मडगावच्या ख्रिस पेरी यांनी कोकणी गाण्याला जॅझचा बाज दिला. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्यामागे मुंबईत धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोमंतकीयांच्या सामायिक वसतिगृहांत, राहून आयुष्यभर वाजवणारे आणि उतारवयात वाद्य घेऊन गावी परतणारे शेकडो वादक होते. त्यांची वाद्ये आज नातवंडांच्या हाती आली आहेत. त्यांपैकी काही विक्रीला निघतात आणि गावच्या फेस्ताच्या बँडमध्ये नुकताच शिरलेला एखादा मुलगा नव्या वाद्याची किंमत परवडत नाही म्हणून त्यांच्या शोधात असतो. हा लेख या दोघांसाठी आहे.

मी फोंडा तालुक्यात वाढलो, शेजारच्या गावातील एका निवृत्त मेस्तांकडे ट्रम्पेट शिकलो आणि गेली बरीच वर्षे जुनी वाद्ये पाहणे, घेणे, दुरुस्त करून घेणे आणि योग्य हाती देणे हा माझा छंद आहे. या काळात एक गोष्ट मला पुनःपुन्हा पटली आहे. जुन्या पितळी वाद्याचे मोल त्याच्या चकाकीत नसते, आणि घेणारा व विकणारा दोघेही बहुधा चकाकीपायीच नुकसान करून घेतात. पुढील सर्व पायऱ्या याच अनुभवावर आधारलेल्या आहेत.

हातात कोणते वाद्य आहे, ते आधी निश्चित करावे

विक्रेता ज्याला ट्रम्पेट म्हणतो ते पुष्कळदा कॉर्नेट असते. दोन्हींच्या नळीची लांबी जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारे दीड मीटर असते. परंतु कॉर्नेटची नळी अधिक वेटोळी असून तिचा बराचसा भाग हळूहळू रुंदावत जातो, त्यामुळे वाद्य आखूड दिसते आणि त्याचा आवाज अधिक मऊ असतो. कॉर्नेटच्या माउथपीसचा, म्हणजे ओठांना लावायच्या सुट्या भागाचा, दांडाही बारीक असतो, म्हणून ट्रम्पेटचे माउथपीस त्यात नीट बसत नाही आणि बळाने बसवले तर अडकून राहते. युफोनियम, बॅरिटोन आणि टेनर हॉर्न या मोठ्या, खालच्या स्वरांच्या पितळी वाद्यांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी तो वेताच्या पातीने वाजतो आणि सुषिर वाद्यांच्या वेगळ्या कुळात मोडतो. त्याची तपासणी निराळी असल्याने तो येथे घेतलेला नाही.

त्यानंतर बेलवरील, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फुललेल्या तोंडावरील, कोरीव मजकूर आणि सिरियल नंबर वाचावा. हा नंबर ट्रम्पेट व कॉर्नेटवर बहुधा मधल्या, म्हणजे दुसऱ्या व्हॉल्व्हच्या (बोटाने दाबायच्या झडपेच्या) कवचावर असतो. गोव्यात ब्रिटिश वाद्ये बरीच आढळतात, कारण मुंबई आणि लष्करी बँड यांच्या मार्गे ती इकडे आली. ‘बेसन अँड कंपनी, १९८ युस्टन रोड, लंडन’ असा शिक्का असलेली कॉर्नेटे मी अनेक घरांत पाहिली आहेत. बूझी आणि हॉक्स या दोन लंडनच्या कंपन्या १९३० साली एकत्र आल्या, म्हणून ‘बूझी अँड हॉक्स’ असे जोडनाव असलेले वाद्य त्यानंतरचेच समजावे. अमेरिकन वाद्यांवर एल्कहार्टची कॉन, क्लीव्हलँडची किंग, लॉस एंजेलिस आणि नंतर फुलर्टन येथील ओल्ड्स ही नावे दिसतात. ओल्ड्स कंपनी १९७९ मध्ये बंद झाली. व्हिन्सेंट बाख यांची वाद्ये आधी न्यूयॉर्कमध्ये, १९५३ पासून जवळच्या माउंट व्हर्ननमध्ये आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एल्कहार्टमध्ये तयार झाली. त्यांपैकी पहिल्या दोन ठिकाणांच्या वाद्यांना संग्राहक अधिक पैसे मोजतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या सिरियल नंबरांच्या याद्या इंटरनेटवर पाहता येतात आणि त्यांवरून वर्षाचा अंदाज बांधता येतो.

मेरठच्या जली कोठी भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बँडची वाद्ये बनतात आणि देशभरातील लग्नाच्या वरातींत मुख्यतः तीच वाजतात. ती वाईट असतात असे नाही. परंतु ती लंडनच्या कारखान्यातील नसतात, आणि एखाद्या जुन्या विलायती नावाशी मिळतेजुळते नाव कोरलेले वाद्य ‘इंग्लिश’ म्हणून विकले जात असेल तर सावध व्हावे. अस्सल वाद्यावरील कोरीवकाम बारीक व खोल असते, शब्दलेखन अचूक असते आणि तिन्ही पिस्टनांवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या कवचात वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्यांवर, १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. काही वाद्यांत पिस्टनांवर सिरियल नंबरही असतो. तो कवचावरील नंबराशी जुळला तर पिस्टन मूळचेच आहेत, असे खात्रीने म्हणता येते.

वाद्य विकण्याचा अधिकार कोणाचा, हेही पाहावे

हा विषय नाजूक आहे आणि गोव्यात तो टाळता येत नाही. गावातील बँडची किंवा पॅरिश शाळेची वाद्ये पुष्कळदा वादकाच्या घरी राहत असत आणि वादकाच्या निधनानंतर ती तशीच तिथे राहिली. पेटीवर रंगवलेला आकडा, बेलच्या आत ठोकलेला शिक्का किंवा चर्चचे नाव दिसले तर विकण्याआधी फाब्रिकेकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे, अथवा बँडच्या जुन्या मंडळींकडे चौकशी करावी. वाद्य घरचेच असेल, तर गोव्याच्या नागरी संहितेनुसार वेगळा करार नसल्यास पती-पत्नी मालमत्तेचे समान भागीदार असतात आणि पश्चात सर्व मुलांचा हक्क असतो, हे लक्षात ठेवावे. एका भावाने आजोबांचे ट्रम्पेट विकले आणि परदेशातील बहिणीला ते महिन्याभराने कळले, अशा प्रसंगातून उद्भवलेली कटुता मी जवळून पाहिली आहे. सर्व भावंडांची दोन ओळींची लेखी संमती घेण्यास पाच मिनिटे लागतात.

तपासणी दिवसाउजेडी आणि सावकाश करावी

वाद्य नेहमी दिवसाच्या उजेडात, शक्यतो व्हरांड्यात बसून पाहावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात वाद्य दिसले तर तेथेच निर्णय न घेता विक्रेत्याला बाजूला सावलीत नेऊन पाहण्याची परवानगी मागावी. सोबत पिस्टनचे पातळ तेल, स्वच्छ सुती कापड, मोबाइलची विजेरी, स्वर मोजणारे ॲप आणि स्वतःचे माउथपीस न्यावे.

पहिली पाहणी पिस्टनांची करावी, कारण वाद्याचे आयुष्य तेथे ठरते. वरची टोपी फिरवून पिस्टन सरळ वर काढावा, कापडाने पुसावा आणि उजेडात हळूहळू फिरवत पाहावा. मागच्या वर्षी मडगावजवळच्या एका घरात मी असाच एक पिस्टन हातात घेतला. वरून तो स्वच्छ, रुपेरी दिसत होता. परंतु अर्धा वळसा दिल्यावर एका बाजूला बोटाच्या नखाएवढ्या रुंदीचा लालसर पट्टा दिसला. निकेलचा मुलामा तेथे पूर्ण झिजून खालचा धातू उघडा पडला होता. वादकाचे बोट वर्षानुवर्षे किंचित तिरके पडत असल्याने पिस्टन त्याच एका अंगाने घासला गेला होता. वाद्याच्या मालकीणबाई त्या पट्ट्याकडे पाहत म्हणाल्या, “आमचे पप्पा असेच हात वाकडा धरून वाजवायचे.” असा पट्टा म्हणजे वाद्य टाकाऊ झाले असे नव्हे, परंतु हवा गळते आणि वरचे स्वर अडतात, हे मात्र खरे. पिस्टनांना नव्याने मुलामा चढवून ते कवचात बेतून बसवणे हे काम गल्लोगल्ली होत नाही आणि त्याचा खर्च वाद्याच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. मोनेल नावाच्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे किंवा स्टेनलेस स्टीलचे पिस्टन तुलनेने कमी झिजतात.

पिस्टन परत बसवताना त्यांचे आकडे पाहूनच बसवावेत, कारण अदलाबदल झाली तर वाद्यातून हवाच जात नाही आणि मग वाद्य नादुरुस्त असल्याचा गैरसमज होतो. त्यानंतर पिस्टन अर्धवट दाबून बाजूला हलवून पाहावा. खडखड आवाज आला किंवा बोटाला हेलकावा जाणवला, तर झीज जास्त आहे असे समजावे.

हवा धरून ठेवण्याची परीक्षा अशी घ्यावी. पिस्टनांना पातळ तेल लावावे, पहिल्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे त्याला जोडलेली आतबाहेर सरकणारी नळी, पिस्टन न दाबता दोन सेंटीमीटर बाहेर ओढावी, मनात पाच आकडे मोजावेत आणि मग पिस्टन दाबावा. आतील पोकळीत हवा शिरल्याचा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला, तर पिस्टन आणि स्लाइड दोन्ही घट्ट आहेत. काहीच आवाज आला नाही, तर हवा आधीच कुठून तरी आत गळून गेली आहे. हीच परीक्षा दुसऱ्या व तिसऱ्या स्लाइडवर करावी. एखाद्या वादकाने स्लाइड सहज सरकावी म्हणून कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून घेतले असेल तर हा आवाज येणार नाही, म्हणून तसे छिद्र आहे का हे आधी पाहावे. विक्रेत्याने पिस्टनांना घट्ट तेल लावले असेल तर ही परीक्षा फसवी ठरते, यासाठी जुने तेल पुसून स्वतःचे लावणे आवश्यक आहे. आपल्याकडे खोबरेल तेल लावण्याची सवय काही घरांत आहे; ते काही महिन्यांत चिकट होऊन पिस्टन जाम करते, परंतु हा दोष साफसफाईने जातो आणि त्यासाठी घाबरू नये.

दुसरी महत्त्वाची पाहणी लीडपाइपची, म्हणजे माउथपीस ज्या पहिल्या नळीत बसते तिची आहे. पिवळ्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. लाळेतील ओलावा व आम्लता वर्षानुवर्षे आत राहिली की जस्त हळूहळू निघून जाते आणि तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ थर मागे उरतो. बाहेरून हे गुलाबी ठिपक्यांच्या रूपाने दिसते आणि अशा ठिपक्याच्या मधोमध बहुधा एक काळा बिंदू असतो. साधा काळपटपणा पुसला जातो, पण हा ठिपका पुसला जात नाही, कारण तो आतून बाहेर आलेला असतो. मुख्य ट्यूनिंग स्लाइड काढून विजेरीच्या उजेडात नळीच्या आत पाहावे. आतील पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसला तर गंज बराच पुढे गेला आहे. लीडपाइप बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. आपल्याकडची दमट हवा आणि वाजवून झाल्यावर पाणी न काढता पेटी बंद करण्याची सवय यांमुळे गोव्यात हा दोष वारंवार आढळतो.

मग बेल, सांधे आणि पोचे पाहावेत. लहान पोचा आवाजाला फारसा बाधत नाही. लीडपाइपवर किंवा व्हॉल्व्हच्या कवचावर आलेला पोचा मात्र गंभीर असतो, कारण कवच किंचितही आत दबले की पिस्टन अडकतो. बेलच्या मानेवर घडी पडल्याची रेषा, नंतर जोडलेला तुकडा किंवा जाड डाग दिलेला सांधा दिसला तर वाद्य एकदा जोरात पडले होते असे समजावे. भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिराकडून केलेली दुरुस्ती लगेच ओळखू येते, कारण तेथे शिसे-कथलाचा ओघळ बाहेर राहिलेला असतो आणि आजूबाजूचे पितळ जास्त तापल्याने मऊ पडलेले असते.

ट्रॉम्बोन असेल तर सारे लक्ष लांब स्लाइडवर द्यावे. आतील दोन्ही नळ्यांचा मुलामा पाहावा, बाहेरच्या नळीवर पोचा आहे का ते बोट फिरवून जाणावे, आणि स्लाइड उभी धरून खाली हात ठेवून सोडावी; ती अडखळत न थांबता गुळगुळीत उतरली पाहिजे. युफोनियममध्ये चौथा पिस्टन आणि मागच्या बाजूला छोट्या जादा नळ्या दिसल्या तर ते बहुधा ‘कंपेन्सेटिंग’, म्हणजे खालचे स्वर आपोआप सुरात ठेवणाऱ्या, पद्धतीचे आहे, जी डेव्हिड ब्लेकली यांनी १८७० च्या दशकात बूझी कंपनीसाठी तयार केली. अशा वाद्याला साध्या युफोनियमपेक्षा पुष्कळ अधिक मागणी असते.

वाजवून पाहिल्याशिवाय आणि स्वर मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत

या पायरीवर मी स्वतः फसलो होतो, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. तरुणपणी मी एका दलालाकडून एक देखणे, चांदीचा मुलामा असलेले ब्रिटिश कॉर्नेट घेतले. त्याचे पिस्टन उत्तम होते, लीडपाइप निर्दोष होता आणि आवाज असा गोड होता की मी घरी जाऊन तासभर वाजवत बसलो. पुढच्या रविवारी बँडमध्ये बसल्यावर मात्र माझा प्रत्येक स्वर क्लॅरिनेटपेक्षा चढा लागत होता. ट्यूनिंग स्लाइड जवळजवळ निघेपर्यंत बाहेर ओढली तरी मेळ बसेना. मेस्तांनी कॉर्नेट हातात घेतले, दोन स्वर काढले आणि म्हणाले, “पुता, हे जुन्या स्वराचे आहे.”

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील लष्करी व ब्रास बँडांची वाद्ये उंच पट्टीत बनत असत. त्या पट्टीत ‘ए’ हा स्वर सुमारे ४५२.५ हर्ट्झ असे, तर आजचा सर्वमान्य ‘ए’ ४४० हर्ट्झ आहे. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा होतो. ब्रिटिश लष्करी बँडांनी ही पट्टी १९२० च्या दशकाच्या अखेरीस सोडली. परंतु तेथील ब्रास बँडांनी ती १९६० च्या दशकापर्यंत जपली, त्यामुळे त्या काळातील देखणी वाद्येही आपल्या बँडला निरुपयोगी ठरू शकतात. दीड मीटर नळीचे कॉर्नेट आजच्या स्वरात आणायचे तर ती नळी सुमारे ४ सेंटीमीटरने वाढवावी लागते. एकट्या मुख्य स्लाइडने हे भागत नाही, कारण तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्याच प्रमाणात लांब कराव्या लागतात. तसे न केल्यास मोकळा, म्हणजे पिस्टन न दाबता निघणारा, स्वर जुळतो आणि दाबलेले स्वर बेसूर राहतात. अमेरिकन वाद्यांवर काही वेळा उंच पट्टीसाठी ‘एच’ आणि आजच्या पट्टीसाठी ‘एल’ अशी खूण ठोकलेली असते. काही जुन्या कॉर्नेटांसोबत पट्टी किंवा स्वर बदलण्यासाठी वेगळ्या नळ्या येत असत. पेटीतील मखमलीवर रिकामे खाचे दिसले तर त्या नळ्या हरवल्या आहेत असे समजून विचारणा करावी.

म्हणून वाद्य पाच-दहा मिनिटे वाजवून गरम करावे, मग मुख्य स्लाइड सुमारे एक सेंटीमीटर बाहेर ठेवून ॲपवर मोकळे स्वर पाहावेत. बी फ्लॅट ट्रम्पेटवर वादकाचा ‘सी’ प्रत्यक्षात ‘बी फ्लॅट’ आणि ‘जी’ प्रत्यक्षात ‘एफ’ ऐकू येतो, म्हणून ॲपवर तीच नावे दिसतील. पहिला व तिसरा पिस्टन किंवा तिन्ही पिस्टन एकत्र दाबून निघणारे खालचे स्वर सर्वच ट्रम्पेटांत थोडे चढे असतात आणि तिसरी स्लाइड सरकवून दुरुस्त केले जातात. त्याला दोष मानू नये. स्वतःला वाजवता येत नसेल तर ओळखीच्या वादकाला सोबत न्यावे. गावच्या बँडमधील, तियात्राच्या (कोकणी संगीत नाटकाच्या) वाद्यवृंदातील किंवा गोवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला अनुभवी वादक पंधरा मिनिटांत जे सांगेल ते दहा छायाचित्रांतून कळणार नाही. त्याच्या वेळेचा मोबदला आपणहून द्यावा.

किंमत ठरवण्याची पद्धत

किमतीचा आधार जाहिरातीतील अपेक्षित आकडा नसून त्याच मॉडेलचे, त्याच स्थितीतील वाद्य प्रत्यक्षात किती रुपयांना गेले, हा असावा. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती वेगळ्या पाहता येतात. समजा, वाजण्याजोगे ओल्ड्स अँबॅसॅडर ट्रम्पेट ४०,००० रुपयांना गेल्याचे दिसले आणि आपल्यासमोरच्या ट्रम्पेटला पोचे काढणे, साफसफाई, नवे बूच व नवे फेल्ट मिळून ९,००० रुपये लागणार असतील, तर बोलणी ३१,००० रुपयांच्या खालून सुरू व्हावीत, कारण दुरुस्तीची जोखीम घेणाराच उचलत असतो. नवशिक्यासाठी अँबॅसॅडरसारखे मजबूत विद्यार्थी-मॉडेल संग्राहकांच्या नावाजलेल्या वाद्यांपेक्षा केव्हाही श्रेयस्कर आहे, असे माझे ठाम मत आहे.

मुलामा आणि लॅकर (पितळेवरचा पारदर्शक संरक्षक थर) यांबाबत येथेच सांगितले पाहिजे. मूळ लॅकर उडालेले, डागाळलेले, पण कोरीवकाम ठळक असलेले वाद्य हे नव्याने पॉलिश केलेल्या वाद्याहून बहुधा अधिक मोलाचे असते. पॉलिशच्या चाकावर धरले की पितळ पातळ होते, कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि सिरियल नंबरही पुसट होतो. आरशासारखे चमकणारे ८० वर्षांचे ट्रम्पेट समोर आले की मी आधी कोरीवकामावर बोट फिरवतो. रेषा बोटाला लागत नसतील तर वाद्याचा काही भाग चाकाबरोबर निघून गेलेला असतो.

विकणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये

माळ्यावरून पेटी खाली काढल्यावर हात आवरणे, ही विकणाऱ्याची पहिली पायरी आहे. देव्हाऱ्यातील समई आपण चिंच किंवा पितांबरीने घासतो, म्हणून वाद्यही तसेच लखलखीत करावे असे कोणालाही वाटते. परंतु आम्ल पितळेतील जस्त काढून घेते, पावडर लॅकर आणि चांदीचा पातळ मुलामा खरवडते आणि घेणाऱ्या जाणकाराला ते दारातूनच दिसते. वाद्य कोरड्या मऊ कापडाने पुसावे, इतके पुरेसे आहे. चांदीचा काळपटपणा किमतीतून वजा होत नाही. माउथपीस अडकले असेल तर पकड लावू नये, स्लाइड जाम असेल तर हातोडीने ठोकू नये. यासाठी कारागिराकडे खास साधन असते आणि चुकीच्या झटक्याने लीडपाइपच पिळला जातो.

पेटीतील कोणतीही वस्तू फेकू नये. मूळ माउथपीस, जादा नळ्या, तेलाची रिकामी बाटली, जुन्या कार्यक्रमाची पत्रिका, वादकाचा बँडच्या गणवेशातील फोटो, दुकानाची पावती, यांमुळे वाद्याला त्याचा इतिहास मिळतो आणि संग्राहक त्याचे पैसे देतो. आजोबा कोणत्या बँडमध्ये वाजवत होते हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. मात्र जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहावे.

छायाचित्रे खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर घ्यावीत. दोन्ही बाजू, बेलवरचे कोरीवकाम, सिरियल नंबर, बाहेर काढलेले तिन्ही पिस्टन, लीडपाइप जवळून, प्रत्येक पोचा आणि उघडी पेटी, इतकी हवीतच. दोष लपवून विकलेले वाद्य परत येते आणि गोवा इतका लहान आहे की पुढच्या फेस्तापर्यंत ती गोष्ट सर्व बँडांत पोचते. विक्रीसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस चांगले, कारण फेस्तांचा हंगाम जवळ आलेला असतो, बँड नवे वादक घेतात आणि पावसाळ्यात बुरशी धरलेली पेटीही तोवर वाळलेली असते.

वाद्य कोणाला द्यावे, याबद्दल एक विनंती मनापासून करतो. हॉटेलांच्या सजावटीसाठी जुनी वाद्ये गोळा करणारे लोक रोख आणि लगेच पैसे देतात. मग त्या ट्रम्पेटच्या बेलमध्ये छिद्र पाडून दिवा बसवला जातो किंवा ते भिंतीवर खिळ्यांनी ठोकले जाते. व्हॉल्व्ह पूर्ण संपलेल्या वाद्याचे असे झाले तर हरकत नाही. पण वाजणारे वाद्य थोड्या कमी पैशात का होईना, शिकणाऱ्या मुलाला किंवा बँडला द्यावे. मी दिलेले एक युफोनियम आज बार्देशातील एका गावच्या मिरवणुकीत वाजते आणि तो आवाज ऐकण्यासाठी मी दरवर्षी तेथे जातो.

व्यवहार, पावती आणि पाठवणी

घेणाऱ्याने तीन ते सात दिवसांची चाचणी मागणे आणि विकणाऱ्याने पूर्ण रक्कम ठेव म्हणून घेऊन ती देणे, ही पद्धत दोघांनाही सोयीची आहे. पावतीवर वाद्याचा प्रकार, कंपनी, सिरियल नंबर, ज्ञात दोष, सोबतच्या वस्तू, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. पैसे बँकेमार्फत द्यावेत.

वाद्य शंभर वर्षांहून जुने असेल आणि परदेशी जाणार असेल तर पुढे जाण्यापूर्वी थांबावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांवरील वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे. १९२० च्या दशकातील वाद्ये आता या मर्यादेपाशी येत आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. उलट दिशेने, परदेशातून वापरलेले वाद्य मागवतानाही आयातीचे निर्बंध आणि सीमाशुल्क लागू होतात. जाणकार क्लिअरिंग एजंटला विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

कुरिअरने पाठवताना माउथपीस काढून वेगळे गुंडाळावे, कारण पेटीत सैल राहिलेले माउथपीस प्रवासात बेलवर आपटून सर्वांत वाईट पोचे पाडते. बेलच्या आत मऊ कापड भरावे, पिस्टनांच्या बटनांवर दाब येणार नाही अशा रीतीने पेटीतील मोकळी जागा कापडाने भरावी, मग पेटी एका खोक्यात आणि ते खोके चारी बाजूंनी चार बोटे जागा सोडून दुसऱ्या खोक्यात ठेवावे. चांदीच्या मुलाम्याला वर्तमानपत्र आणि रबरबँड लागू देऊ नये, कारण त्यांतील गंधकाने तो काळा पडतो. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाकाव्यात, विमा पूर्ण रकमेचा उतरवावा आणि खोके बंद करण्यापूर्वी तिन्ही पिस्टनांचे आकडे, कोणते तेल लावले आहे आणि वाद्य शेवटचे केव्हा वाजवले, हे लिहिलेली चिठ्ठी पेटीच्या झाकणात ठेवावी.